आधी बंद, मग हात

(हिवरे बाजार, ता. नगर येथे भरलेल्या जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजवर बैठकीत आम्ही भावाबद्दल बोललो, कर्जाबद्दल बोललो, विजेबद्दल बोललो. आज आम्ही बोटांबद्दल बोलणार आहोत. हसू नका. या मंडपात बसलेल्यांनी आपापल्या शेजाऱ्याच्या हाताकडे एकदा पाहावं. दहाच्या दहा बोटं नसलेला एखादा हात इथंही सापडेल. कुणाला विचारलं तर तो सांगेल, "मळणीत गेलं." जणू पावसात भिजलं, तसं सांगेल.

दोन वर्षांपूर्वी आमच्याच एका कार्यकर्त्याच्या खळ्यावर ज्वारीची मळणी चालू होती. रात्रीचे अकरा वाजले होते. मळणीवाल्याला पहाटे दुसऱ्या गावाला जायचं होतं. पोत्यामागे दर, तेव्हा घाई त्याला होती. आभाळ आलेलं, तेव्हा घाई मालकालाही होती. कणसं घालणारा पोरगा सकाळपासून उभा होता. कणसांचा गोळा अडकला, त्यानं हातानं ढकलला, आणि चार बोटं आत गेली. आम्ही नंतर ते यंत्र पाहिलं. कणसं घालायचं लांब तोंड कुणीतरी कापून आखूड केलं होतं. का? तर माल लवकर आत जातो म्हणून.

इथं नशिबाला दोष देऊन चालणार नाही. बोटं गेली ती कापलेल्या पत्र्यामुळं, झोपेमुळं आणि घाईमुळं. या तिन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

बैठक इथंच का घेतली

हिवरे बाजार हे पर्जन्यछायेतलं गाव. इथं पाऊस तुमच्या-आमच्या गावासारखाच, कधी येतो, कधी हूल देतो. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर गावानं स्वतःवर नियम घालून घेतले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान. पुढं शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही हेही ठरलं. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पिकं त्याप्रमाणं ठरवतात. 2020 साली पवारांना पद्मश्री मिळाली, ती सगळ्यांना माहीत आहे. पण आम्हाला इथून न्यायची गोष्ट वेगळी आहे. ग्रामसभेनं ठरवलेला नियम गाव पाळू शकतं, हे या गावानं दाखवलं. पाण्याला जो नियम लागू पडला तो यंत्राला का लागू पडू नये?

बैलजोडी परवडेना, मजूर मिळेना, म्हणून छोटा ट्रॅक्टर आपल्या दारात आला. कपाशीच्या दोन ओळींतून जाणारा, पंधरा-वीस अश्वशक्तीचा. चांगली गोष्ट आहे, आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. पण बैल विकत घेताना आपण त्याचे दात पाहतो, खोड पाहतो, मारका आहे का विचारतो. ट्रॅक्टर घेताना हप्ता किती एवढंच विचारतो. त्याच्या खोडी आज सांगतो.

पहिली खोड : उलटणं

छोटा ट्रॅक्टर अरुंद आणि हलका असतो. ओळीत चालायला ते बरं, उतारावर ते वाईट. उतारावर आडवा चालवला आणि खालच्या बाजूचं चाक खड्ड्यात गेलं, की तो कलंडतो. म्हणून उताराला शक्यतो सरळ वर-खाली जा. बांध ओलांडायचा तर तिरपा नको, सरळ ओलांडा, आणि उंच बांध असेल तर आधी फावड्यानं वाट करा. वळताना वेग कमी करा. चाकांमधलं अंतर वाढवता येतं. कपाशीचं काम संपलं की ते वाढवून घ्या.

आता आमच्यातले कृषी पदवीवाले विचारतील, पेरणी तर उताराला आडवी करायला आम्हीच शिकवलं ना? होय, शिकवलं. माती धरायची तर पेरणी आडवीच हवी. म्हणून जिथं रान साधारण सपाट आहे तिथं ट्रॅक्टरनं आडवी पेरा. जिथं उभं राहिलं तरी पायाला उतार जाणवतो, तिथं बैलानं पेरा किंवा तो तुकडा गवताला सोडा. इथल्या डोंगरावर गवत उभं आहे आणि लोक ते कापून आणतात, जनावर वर सोडत नाहीत. उताराचा खरा उपयोग तोच.

दुसरं, ट्रॅक्टर मागं उलटतो. ओढायचं वजन खालच्या ओढदांड्यालाच लावा. साखळी वर बांधली, आसाला किंवा वरच्या लिंकला, की पुढची चाकं उचलतात. उलटायला दीड सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्यात उडी मारणारा माणूस आम्ही पाहिला नाही. चाक चिखलात रुतलं तर चाकाला ओंडका बांधून पुढं काढू नका. चाक अडकतं आणि ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरतो. मागं घेऊन पाहा, माती खणा, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढा आणि साखळीजवळ कुणाला उभं करू नका.

स्वीडन देशानं 1959 साली नव्या ट्रॅक्टरला चालकाच्या डोक्यामागं मजबूत लोखंडी कमान सक्तीची केली. पुढं तिथं उलटून मरणाऱ्यांची संख्या फार खाली आली. आपल्याकडं कमान असली तर "झाडाला अडते" म्हणून आपण काढून टाकतो. काढू नका. कमान उभी असेल तर पट्टा बांधा. कमान नसेल तर मात्र पट्टा बांधू नका, कारण मग ट्रॅक्टर अंगावर घेऊनच पडाल.

दुसरी खोड : फिरणारा शाफ्ट

ट्रॅक्टरच्या मागचा पी.टी.ओ. शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला नऊ. मनगटाएवढा शाफ्ट धरा, त्याचा घेर एक वीत. नऊ फेरे म्हणजे नऊ विती, साडेचार हात कापड तो एका सेकंदात गुंडाळतो. नऊवारी लुगडं अठरा हात. चार सेकंदांत संपलं. धोतराचा सोगा, ओढणी, मफलर, मोकळे केस, सगळ्यांचा हिशेब तुम्हीच करा.

शाफ्टवर प्लास्टिकचं कवच येतं. ते फुटलं की नवं घ्या. शाफ्ट उघडा चालवू नका. फिरता शाफ्ट कुणीही ओलांडायचा नाही, चार पावलं वाचवायला तर मुळीच नाही. मळणीवर काम करणाऱ्या बहिणींनी पदर खोचून, वरून सदरा घालावा. आणि तो सदरा शेतमालकानं द्यावा, ही आमची सूचना आहे.

तिसरी खोड : कपाशीच्या पऱ्हाटीचं पातं

शेवगाव-पाथर्डीच्या कापूसवाल्यांनी हे नीट ऐकावं. गुलाबी बोंडअळी हटवायची तर हंगाम संपल्यावर पऱ्हाटी रानात उभी ठेवायची नाही, हे आम्हीच सांगत आलो. आता बरेच जण ट्रॅक्टरमागं श्रेडर लावून पऱ्हाटीचा भुगा करतात. जाळण्यापेक्षा हे शंभर पटीनं चांगलं, मातीला खाद्य मिळतं. पण श्रेडरचं पातं पऱ्हाटी आणि दगड यांत फरक करत नाही. आपली रानं दगडाची. पात्याला लागलेला दगड गोफणीतल्यासारखा सुटतो. म्हणून चालवण्याआधी रान फिरून मोठे दगड, तार, ठिबकच्या नळ्या वेचा. मागची झडप आणि साखळ्या काढू नका. यंत्र चालू असताना त्या रानात दुसरं माणूस नको, पोर तर नकोच.

पी.टी.ओ. बंद केला तरी पातं लगेच थांबत नाही. कान देऊन आवाज पूर्ण थांबेपर्यंत खाली उतरू नका. मागं घेताना पातं बंद करा आणि आधी मान वळवून पाहा. पातं बदलायचं तर समोरासमोरची जोडी बदला, एकच बदललं तर यंत्र थरथरतं आणि बोल्ट तुटतो. आणि उचललेल्या अवजाराखाली कधीही जाऊ नका. हायड्रॉलिकचा एक वॉशर गेला की ते अवजार पाठीवर. खाली ओंडक्याचा टेकू द्या, मगच वाका.

मळणी यंत्राचा कायदा

मळणी यंत्रांनी हात जाऊ लागले म्हणून 1983 साली केंद्रानं धोकादायक यंत्रांचा कायदा केला. त्यात नुकसानभरपाईची तरतूदही आहे. यंत्राच्या तोंडाचं मापही मानकात ठरलेलं आहे : तोंड किमान 900 मिलिमीटर लांब, आणि त्यातलं 450 मिलिमीटर वरून झाकलेलं. म्हणजे हात लांब केला तरी ढोलापर्यंत पोचू नये. घरी जाऊन आपल्या खळ्यावर येणाऱ्या यंत्राचं तोंड दोरीनं मोजा. कमी भरलं तर त्याला खळ्यात घेऊ नका. माल अडकला तर काठीनंही ढकलायचा नाही. यंत्र बंद करायचं.

वाफशाच्या दिवशी चालू होणारा ट्रॅक्टर

कोरडवाहूवाल्याला देखभालीचं महत्त्व बागायतदारापेक्षा जास्त. पाऊस झाला, वाफसा आला, पेरणीला मोजके दिवस मिळतात. त्या दिवशी ट्रॅक्टर रुसला तर वर्ष गेलं.

आपला मोठा शत्रू फुफाटा. धूळ इंजिनात गेली की लायनर आणि रिंगा घासतात, मग तेल खातो, धूर सोडतो. म्हणून एअर क्लीनर आधी पाहा. तेलाच्या वाटीचा असेल तर वाटीतला गाळ काढून नवं तेल भरा. कोरडा असेल तर तो दगडावर आपटू नका, हवा आतून बाहेर हलकी मारा, फाटला तर फेका. सकाळी चालू करण्याआधी सपाट जागेवर तेलाची पट्टी पाहा. पाणी थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. डिझेल फिल्टरखालचं पाणी काढा. चाकाचे नट, फॅनचा पट्टा, ग्रीसचे निपल पाहा. ही दहा मिनिटांची कामं आहेत. गाईच्या कासेला हात लावण्याआधी आपण तांब्याभर पाणी घेतोच ना?

डिझेल भरताना इंजिन बंद आणि बिडी लांब. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धुरात न दिसणारा विषारी वायू असतो. स्टार्टरला पान्हा लावून ठिणगीनं चालू करायची सवय सोडा. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर तो सरळ तुमच्या अंगावर येतो. बाजूला उभं राहून चालू करायचं यंत्र हे नाही, जागेवर बसूनच चालू करा. उतरताना अवजार जमिनीवर, ब्रेक लावलेला, किल्ली खिशात, उतारावर चाकाला दगड.

एक शाळेची वही ट्रॅक्टरला बांधा. किती तास चालला, तेल कधी बदललं, पातं कधी बदललं, लिहा. लिहिण्याचं काम मुलीला द्या. ती विसरत नाही.

रस्ता आणि मडगार्ड

रस्त्यावर दोन्ही ब्रेक पट्टीनं जोडा. घाटात न्यूट्रल करू नका. ट्रॉलीला मागं लाल परावर्तक लावा. मडगार्डवर माणूस नको. ट्रॅक्टरला बसायची जागा एकच असते. नातवाला मांडीवर घेऊन फेरी मारणं प्रेमाचं वाटतं, आम्हालाही वाटायचं. ते प्रेम खाटेवर बसून करा.

भरपाई कुणाला

2023 पासून राज्यात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यू झाला किंवा दोन अवयव निकामी झाले तर 2 लाख, एक अवयव गेला तर 1 लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं. खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातला आणखी एक जण त्यात येतो. हे घ्या, हक्काचं आहे.

पण त्या पोराचं काय? त्याच्या नावावर सातबारा नाही. मळणीत हात घालतो तो बहुतेक वेळा भूमिहीन मजूर असतो, आणि योजना सातबारावाल्याची. सरकारकडं आम्ही मागणी करू, करायलाच हवी. पण ते होईपर्यंत आपण हात बांधून बसायचं का? शेतमालाला भाव मिळत नाही म्हणून आपण ओरडतो, ते खरं आहे. मग आपल्या खळ्यावर मजुराच्या बोटांना भाव नाही, हे कोणत्या तोंडानं चालवून घ्यायचं?

म्हणून आजच्या बैठकीपुढं आम्ही चार गोष्टी ठेवतो. गावोगावी ग्रामसभेत त्या मांडा.

एक : तोंड कापलेलं मळणी यंत्र आणि उघडा शाफ्ट गावाच्या शिवारात चालू द्यायचा नाही.

दोन : रात्री नऊनंतर मळणी नाही. दारू प्यालेला माणूस यंत्राजवळ नाही.

तीन : मळणीच्या दरात पोत्यामागं थोडी रक्कम बाजूला काढून मजुराच्या अपघातासाठी गावाचा निधी करायचा.

चार : यंत्र अडलं, माल अडकला, पट्टा निसटला, काहीही झालं तरी आधी बंद, मग हात.

ज्यांना हे मान्य आहे त्यांनी हात वर करावेत. वर करा, अजून वर. पुढच्या हंगामानंतर आपण पुन्हा भेटू, तेव्हा एवढीच बोटं मोजायला मिळावीत.