सुभेदार रामजीबाबा : एका बापाचा हिशेब
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या वस्तीत कुणी वारले की पुण्यानुमोदनाच्या दिवशी चार माणसे उठून बोलतात. आम्हीही कित्येकदा बोललो आहोत. "दादा फार कष्टाळू होते, कुटुंबवत्सल होते." एवढे बोलायचे आणि खाली बसायचे. आत बायाबापड्या रडत असतात, पुढचा वक्ता उठायच्या तयारीत असतो, आणि माणसाची चाळीस वर्षे त्या दोन शब्दांत आटोपतात. कष्ट कसले केले, घरासाठी नेमके काय केले, हे कुणी सांगत नाही. म्हणून मंडळाने आम्हाला बोलायला सांगितले तेव्हा आम्ही ठरवले, की एका बापाविषयी जरा तपशिलाने बोलायचे. तो बाप म्हणजे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. बाबासाहेबांचे वडील.

रामजीबाबांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. पलटणीत शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा असत. तशा शाळेत ते 14 वर्षे मुख्याध्यापक होते. म्हणजे आधी मास्तर, मग सुभेदार, असे म्हटले तरी चालेल. घरात 14 लेकरे झाली, त्यांतली मोजकीच जगली. चौदावे अपत्य महूला 14 एप्रिल 1891 रोजी जन्मले, ते आपले बाबासाहेब. पुढे पेन्शन झाली, दापोली झाली, मग सातारा. साताऱ्यातच भीमाई गेल्या. बाबासाहेब तेव्हा अगदी लहान.

आता पेन्शनीत निघालेला, बायको गेलेली, अशा माणसाने काय करावे? ओसरीवर बसावे, पोथी वाचावी. रामजीबाबा पुन्हा नोकरीवर गेले. दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून सरकारने खटाव तालुक्यात गोरेगावला तलावाचे काम काढले होते, तिथे ते खजिनदार. घर साताऱ्याला आणि बाप परगावी. घरात कोण? भीमराव, त्यांचे थोरले भाऊ, आणि थोरली बहीण मरण पावली होती तिची दोन पोरकी मुले. मेलेल्या लेकीची मुले आजोबांनी आपल्या घरात ठेवून घेतली होती, हे आपण सहसा बोलत नाही. या चौघांवर लक्ष ठेवायला मीराआत्या. आत्या मायेची, पण पायांनी अधू. कधी कधी तिलाच उचलून न्यावे लागे. मुले शाळेत जात आणि आल्यावर स्वयंपाकही करीत. भाकरी कुणालाच थापता येईना, म्हणून पुलाव शिजवायचे. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे.

1901 साली बापाने पोरांना उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटीला बोलावले. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे, असा थाट करून पोरे निघाली. पुढे मसूर स्टेशनवर आणि त्या बैलगाडीत काय झाले ते इथल्या लहान पोरांनाही पाठ आहे, आम्ही पुन्हा सांगत नाही. आम्हाला दुसरेच मनात येते. पोरांनी येण्याची वर्दी पत्राने दिली होती. पत्र पोहोचलेही होते. नोकराने ते रामजीबाबांच्या हाती दिलेच नाही. पोरे रात्रभर उपाशीतापाशी, तहानेने व्याकूळ, आणि बाप गोरेगावात कामाला जुंपलेला, त्याला पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी पोरे दारात उभी राहिली तेव्हा त्यांना काय वाटले असेल? परमुलखात नोकरी केलेले जे आपल्यात बसले आहेत त्यांनाच ते कळावे.

रामजीबाबांनी दुसरे लग्न केले. ते बाल भीमरावांना अजिबात रुचले नाही. आपल्या आईच्या जागी दुसरी बाई पाहून त्यांचे बापाशी बिनसले. इतके, की मुंबईला पळून जाऊन गिरणीत लागावे असा बेत त्यांनी केला, आणि गाडीभाड्यासाठी आत्याच्या कनवटीचा बटवाही लांबवला. निघाला अर्धा आणा! मग ठरवले, आता अभ्यासच करायचा. पुढे बाबासाहेबांनी हे मोकळेपणाने सांगितले. तेव्हा आपणही लपवू नये. बाप म्हटला की घरात एखादी अढी असतेच.

1904 च्या सुमारास बिऱ्हाड मुंबईला आले, परळच्या डबक चाळीत. एकच खोली. त्यात चूल, धूर, भांडी, जाते, माणसे, आणि शेळीसुद्धा. पेन्शन 50 रुपये. त्यात घर चालवायचे आणि मुलाला एल्फिन्स्टन हायस्कूलात शिकवायचे. अशा खोलीत अभ्यास कसा करायचा, तर बापाने तोड काढली. मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः दोन वाजेपर्यंत जागायचे, मग मुलाला उठवायचे आणि त्या अंथरुणावर आपण पडायचे. आपल्याकडे रात्रपाळी केलेले बरेच आहेत. पण ही घरातली पाळी, हिला पगार नव्हता.

मुलाला पुस्तकांचे वेड. शाळेची पुस्तके पुरत नसत, अवांतर हवी असत. खिशात पैसे नसले की रामजीबाबा चालू लागत ते लग्न झालेल्या लेकीच्या घरी. एकीकडे पैसे मिळाले तर ठीक, नाहीतर दुसरीकडे. तिच्याकडेही नसले तर ती अंगावरचा दागिना काढून देई. तो गहाण पडे, पुस्तक घरात येई. पेन्शनचा दिवस उजाडला की दागिना सोडवून लेकीला परत. जन्मभर सुभेदारीत वागलेल्या माणसाने लेकीच्या सासरी जाऊन हात पसरायचा, हे सोपे नाही हो! आणि त्या लेकींचे काय? दागिना देताना सासूने विचारले असेल, नवऱ्याने विचारले असेल. बाबासाहेबांच्या पहिल्यावहिल्या पुस्तकांत त्या दोन बहिणींचाही वाटा आहे, हे आज इथल्या भगिनींसमोर मुद्दाम सांगतो.

आता विहारात बोलतोय म्हणून आणखी एक. रामजीबाबा कबीरपंथी. मांस-मद्य वर्ज्य, रोज भजन, रामायण-महाभारताचे वाचन. त्यांना ओढूनताणून बौद्ध करण्याचे कारण नाही. त्यांची शिस्त कडक, समोर बोलायची कुणाची छाती नव्हती. आई लहानपणीच गेली म्हणून एकट्या भीमरावांना थोडी सवलत. तेच विचारायचे, हे ग्रंथ आपण का वाचायचे? वडिलांची उत्तरे त्यांना पटली नाहीत.

भीमराव परीक्षा पास झाले तेव्हा लोकांनी सत्काराचा बेत केला. रामजीबाबांनी साफ नकार दिला. एक परीक्षा तर झाली, त्याचे काय एवढे, पोराचे डोके फिरेल, असा त्यांचा सवाल. मंडळी हिरमुसली, पण हटली नाहीत. ती रामजीबाबांचे स्नेही दादा केळुस्कर यांच्याकडे गेली. दादांनी समजूत घातली, सभा झाली, आणि त्या सभेत दादांनी भीमरावांच्या हाती आपण लिहिलेले बुद्धचरित्र ठेवले. बापाचा हेका टिकला असता तर ते पुस्तक त्या दिवशी तरी घरात आले नसते! पुढे मुलाने बापालाच विचारले, की तुम्ही आम्हाला हे वाङ्मय का नाही वाचायला दिले?

जानेवारी 1913 मध्ये भीमराव बी.ए. होऊन बडोद्याला नोकरीवर होते. वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. ते तडक निघाले. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले, आणि गाडी सुटली. दुसरी गाडी मिळून घरी पोहोचायला एक दिवस उशीर. रामजीबाबांचा जीव घुटमळत होता. मुलगा दिसला, त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो दिवस 2 फेब्रुवारी 1913.

दहा वर्षांनी, 1923 साली, बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा मोठा इंग्रजी ग्रंथ लंडनला छापून निघाला. तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. आपल्या शिक्षणासाठी त्या दोघांनी जो त्याग केला त्याबद्दलची ती कृतज्ञता. रुपयाचे मोल ठरवणारे पुस्तक, आणि ते अर्पण कुणाला, तर 50 रुपयांत घर चालवून पेन्शनच्या दिवशी लेकीचा दागिना सोडवणाऱ्या बापाला.

पुढच्या वक्त्यांनाही वेळ हवा आहे, आम्ही इथे थांबतो. जयभीम. नमो बुद्धाय.