फ्रेंचमधला ‘मी’ गाळता येत नाही

बेळगाव-निपाणीकडचं पोर फ्रेंच शिकायला लागलं की उच्चारांनी दमतं, असं म्हणतात. माझ्या मते उच्चार जमतात. दमवतात ती ‘मी, तू, तो’ ही साधी सर्वनामं. कारण ती गाळायची आपल्याला सवय.

निपाणीच्या स्टँडवर एकजण फोनवर विचारतो, ‘पोचतोस कधी?’ शेजारचा कानडीत सांगतो, ‘बरतेनि.’ एकानं ‘तू’ म्हटलं नाही, दुसऱ्यानं ‘नानु’. क्रियापदाच्या शेपटावरूनच कर्ता कळतो. फ्रेंचची बरीच शेपटं मात्र कागदावर दिसतात, कानाला ऐकू येत नाहीत. मी बोलतो : ‘झ पार्ल’. तू बोलतोस : ‘त्यु पार्ल’. तो बोलतो : ‘इल पार्ल’. आणि ते बोलतात, तेही ‘इल पार्ल’च! नुसतं ‘पार्ल’ म्हणालात तर ती आज्ञा होते : बोल! म्हणून तिथं कर्ता हवाच.

‘मी’ला लिंग नाही, याचं आपल्याला नवल नको. आपल्याकडच्या कितीतरी बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’ असंच म्हणतात. कानडीच्या शेजाराचा हा परिणाम मानतात. पुण्याचे लोक हसतात, हसू देत.

‘त्यु’ आणि ‘वू’ म्हणजे तू आणि तुम्ही, कानडीत नीनु आणि नीवु. इंग्रजीवाल्यांना हे समजावताना मास्तरांचा घाम निघतो, आपल्याला ते घरातूनच येतं. फरक एवढाच, की आपल्याकडे बऱ्याच घरांत आईला ‘अगं’ आणि वडिलांना ‘अहो’ असतं. फ्रेंच घरांत सहसा दोघांनाही ‘त्यु’.

खुर्ची फ्रेंचमध्येही ‘ती’, म्हणजे ‘एल’. मराठी माणसाला हे पटतं. कानडीत मात्र खुर्ची, टेबल सगळं ‘अदु’. नवरा-बायको आली तर आपण ‘ती दोघं आली’ म्हणतो, नपुंसकलिंगात, कुणाची बाजू न घेता. फ्रेंचमध्ये शंभर बायकांत एक पुरुष असला तरी सगळ्यांना पुल्लिंगी ‘इल’!

आता ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही निघालो’ म्हटलं की ऐकणारा मागं राहिला, ‘आपण निघालो’ म्हटलं की तोही गाडीत. कानडीच्या ‘नावु’त हा भेद नाही, फ्रेंचच्या ‘नू’तही नाही. पण बोलताना फ्रेंच लोक ‘नू’ बाजूला ठेवून बहुधा ‘ओं’ म्हणतात, आणि त्यापुढे क्रियापद एकवचनी : ‘ओं पार्ल’. शिकणाऱ्यानं हाच धरावा. मग बोलताना ‘पार्ल’ बदलायचं राहतं ते फक्त ‘वू’साठी : ‘वू पार्ले’.