सात हार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला बोलायचे आहे ते फुलांविषयी. विषय लहान वाटेल; परंतु आपल्या नेसरीत तो लहान नाही.

२४ फेब्रुवारी १६७४, महाशिवरात्रीचा दिवस. उमराणीस हाती आलेल्या बहलोलखानाला सोडून दिल्याबद्दल शिवरायांनी सरनोबत प्रतापराव गुजरांना बोल लावला होता. तो जिव्हारी लागला. अवघे सहा स्वार बरोबर घेऊन ते इथल्या खिंडीत खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. पुढे कुसुमाग्रजांच्या कवितेने ते घराघरांत पोचले.

शिवरात्रीला त्यांच्या स्मारकाला वाहायचे हार आपण मिळून ओवतो. कोणी झेंडू खुडते, कोणी तगरीच्या कळ्या निवडते, कोणी बेलाची पाने पुसते. हार सात, आणि सातही सारख्या लांबीचे. सरनोबताचा मोठा व स्वाराचा लहान, असे आपण करीत नाही. मरण सर्वांनी सारखेच पत्करले.

पण ओवायला बसताना एखादी विधवा बहीण दाराशीच थांबते. "मी नुसती पाने पुसते, हाराला माझा हात नको," म्हणते. तिला कोणी अडवीत नाही. पण हात धरून आतही आणीत नाही.

भगिनींनो, त्या शिवरात्रीनंतर वीरांच्या घरी मागे कोण राहिले? बायकापोरेच ना? १६८० साली महाराजांनी प्रतापरावांची कन्या जानकीबाई राजारामांसाठी सून करून आणली. मागे राहिलेल्यांना त्यांनी दाराबाहेर ठेवले नाही. मग त्याच वीरांच्या हाराला विधवेचा हात का चालू नये?

आपल्याच जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात, हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे बंद करण्याचा ठराव केला. इतर गावांनीही तसे करावे, असे परिपत्रक सरकारने त्याच महिन्यात काढले. ठराव कागदावर होतो; तो अंगी मुरतो फुलांच्या परडीभोवती एकत्र बसल्यावर.

म्हणून माझी एवढीच सूचना आहे. येत्या शिवरात्रीला तिची समजूत घालीत बसू नये. थोडे सरकून जागा करावी, परडी पुढे ठेवावी आणि पहिली सुई तिच्या हाती द्यावी.