पहिला इको जपून ठेवा

हृदयात धातूची झडप बसवलेल्या माणसाजवळ रात्री निजानीज झाली की घड्याळासारखी बारीक टिकटिक ऐकू येते. घरच्यांना तिची सवय होऊन जाते. माझ्या एका रुग्णाची पत्नी एकदा त्यांना घेऊन आली आणि म्हणाली, "डॉक्टर, दोन रात्री झाल्या, यांची टिकटिक ऐकूच येत नाही." घरात लग्न होतं. त्या धावपळीत रक्त पातळ ठेवायची गोळी आठवडाभर राहून गेली होती. जिना चढताना दम लागायचा, तो दगदगीचा असेल म्हणून त्यांनी सोडून दिला होता.

मी टू-डी इको केला. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. १९५३ साली स्वीडनमध्ये इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी याची पहिली चाचणी घेतली, ती जहाजाच्या कारखान्यातल्या, धातूतल्या चिरा शोधायच्या यंत्रावर. आज इकोवर झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा वेगही मोजता येतो. नळीच्या तोंडावर अंगठा धरला की पाण्याची धार जोरात उडते, तसं अडलेल्या झडपेतून रक्त वेगाने जातं. त्या वेगावरून झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक काढतात.

यांचा फरक आला १२. पण चांगली चालणारी कृत्रिम झडपही थोडा अडथळा करतेच, आणि तो तिच्या प्रकाराप्रमाणे, मापाप्रमाणे बदलतो. मग हे १२ नव्याने झाले की पहिल्यापासूनचे? उत्तर बाईंच्या पिशवीत होतं. ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी केलेल्या इकोच्या रिपोर्टात तोच आकडा ४ होता.

धातूची सावली पडते, म्हणून छातीवरून सगळं दिसत नाही. अन्ननलिका मात्र हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला पाठीमागून लागूनच जाते. घसा बधिर करून तिच्यातून इकोची नळी उतरवली, तेव्हा झडपेची चकती अडवून बसलेली गुठळी दिसली. ती विरघळवणारं औषध दिलं आणि आकडा ५ वर आला.

म्हणून कळकळीने सांगतो, ऑपरेशननंतर दीड ते तीन महिन्यांत करायचा पहिला इको चुकवू नका. पुढचा प्रत्येक इको त्याच्याशी ताडून पाहायचा असतो. झडपेचा प्रकार आणि माप लिहिलेलं कार्ड त्याच फाईलमध्ये ठेवा. प्राण्याच्या ऊतींपासून केलेली झडप टिकटिक करत नाही, पण काही वर्षांनी ती कडक होऊ लागते. तिचे इको डॉक्टर सांगतील तेव्हा करून घ्याच.

आणि दम लागू लागला, ताप हटेना, किंवा रोजची टिकटिक मंदावली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. लगेच निघा. निघताना तो पहिला रिपोर्ट पिशवीत टाका.