फूल, बी आणि पिशवी



आज कापसाच्या भावाची नाही, कापसाच्या फुलाची गोष्ट सांगायची आहे. पण ती येऊन थांबते बियाण्याच्या पिशवीपाशीच.

पावसाळ्यात विहिरीच्या कपारीत नेचा उगवतो. त्याला फूल नाही, बी नाही. पानामागून धुळीसारखे बीजाणू उडतात आणि ओलीत रुजतात. पण पुढे नरपेशीला मादीपेशीपर्यंत पाण्याच्या थरातून पोहत जावे लागते. ओल संपली की वंश खुंटला.

फुलझाडाने ही अडचण सोडवली. परागकण वाऱ्यावर नाहीतर माशीच्या अंगावर बसून जातो, दुसऱ्या फुलात रुजतो, नळी काढतो आणि नरपेशी थेट बीजांडात पोहोचवतो. शिवाय बीसोबत शिदोरी बांधलेली असते. ज्वारीच्या दाण्यातली तीच शिदोरी दळून आपण भाकरी करतो. आपली कोरडवाहू शेती या फुलावर उभी आहे.

पऱ्हाटीच्या आणि ज्वारीच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात आणि बहुतेक वेळा त्याच झाडाचा पराग लागतो. म्हणून सरळ वाणाचे घरचे बी आईबापासारखेच निघते. मोहोळला निवडलेली मालदांडी एम ३५-१ अशीच टिकली.

संकरित वाणात दोन वेगळे आईबाप मुद्दाम जुळवतात. १९७० मध्ये सुरतेहून एच-४ ही संकरित कपाशी आली. तिच्या बियाण्यासाठी बाया संध्याकाळी कळीतले पुंकेसर काढतात आणि सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग लावतात. ज्वारीचे फूल बारीक, तिथे हात चालत नाही. म्हणून नर वांझ असलेले वाण वापरून १९६४ मध्ये सीएसएच-१ तयार झाली. पहिल्या पिढीला जोम येतो. त्याचेच बी पुन्हा पेरले की गुण फुटतात, एक झाड उंच, एक बुटके. दोष ना जमिनीचा, ना आपल्या नशिबाचा.

आम्ही संकराच्या विरोधात नाही. पण आज बाजारातली बहुतेक कपाशी संकरित आहे, म्हणजे दरवर्षी पिशवी विकत घेणे आले. ज्याला सरळ वाण पेरायचा आहे, त्याला तो मिळाला पाहिजे. घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा आणि छाप न लावता विकण्याचा हक्क २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला दिला आहे.

पिशवी घेताना आधी एकच विचारा: सरळ की संकरित? सरळ असेल तर चांगली झाडे निवडून त्यांचे बी वेगळे ठेवा. फूल आपल्या शेतात फुलते. निवडीचा अधिकारही आपलाच असला पाहिजे.