आमचा जमाखर्च
(ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



परदेशी हिशेबनिसाची नोकरी करणाऱ्याच्या अंगी कोणते गुण असावे लागतात, हे तरुणांस सांगावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. १९७८ ते २००४ अशी सव्वीस वर्षे आम्ही मस्कतला हिशेब लिहिले खरे. परंतु ती विद्या आम्ही परभणीतच वडिलांजवळ शिकलो.

आजोबा शिंपीकाम करीत. वडील जिनिंग कारखान्यात कारकून झाले. निजामी अमलात येथे हाली शिक्का चाले, आणि मुंबईचा व्यवहार कलदार रुपयांत होई. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा दर वडिलांच्या जिभेवर असे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी अंमल संपला, तरी हाली नाणे काही वर्षे कलदाराच्या शेजारी चालतच राहिले. पुढे १ एप्रिल १९५७ रोजी नये पैसे आले. एका आण्याचे सहा नये पैसे, दोहोंचे बारा, तिहींचे एकोणीस आणि चारांचे पंचवीस, असे सरकारी कोष्टक होते. कापूस निवडणाऱ्या बाईचा चार वेळचा एकेक आणा निरनिराळा बदलला, तर तिच्या हाती चोवीसच नये पैसे पडत. वडील आधी आण्यांची बेरीज करीत आणि मग एकदाच बदल करीत. मालक म्हणाले, "एका पैशाने काय होते?" वडील उत्तरले, "आपले काही होत नाही, म्हणूनच देऊ या." आमच्या अंगी काही गुण असलाच, तर तो येथून आलेला आहे.

मस्कतला एका रियालाचे हजार बैसे, म्हणजे दशांशचिन्हापुढे तीन आकडे. बरोबरीचे लोक प्रथम गोंधळत. हाली-कलदाराच्या घरात वाढलेल्या आम्हांस त्याचे काही वाटले नाही. इंग्रजी मात्र आमचे कच्चे होते. ते रात्री जागून सुधारावे लागले. सायंकाळी रोकड जुळल्यावाचून उठावयाचे नाही, हा नेम शेवटपर्यंत पाळला. आता यंत्र बेरीज करते. तथापि मूळ नोंद खोटी असेल, तर यंत्र खोटीच बेरीज बिनचूक करून देते, हे तरुणांनी ध्यानात ठेवावे.

आता जे सांगावयास जीभ अडखळते, तेही सांगतो. कुटुंब परभणीसच होते. १९८९ साली वडील वारले, तेव्हा आमचे पारपत्र मालकाच्या तिजोरीत होते आणि वार्षिक हिशेब अपुरे होते. नऊ दिवसांनी ते हाती आले. मनमाडला गाडी बदलून मीटरगेजने परभणीस उतरलो, तो तेराव्याचा दिवस होता. धाकट्या बंधूंनी सर्व विधी उरकले होते. चार वर्षे अर्धांगवायूने अंथरुणास खिळलेल्या वडिलांना उचलणारे हातही त्यांचेच होते.

कायमचे परतल्यावर घराच्या वाटणीचा प्रश्न निघाला. आम्ही धाडलेला प्रत्येक ड्राफ्ट वडिलांनी, आणि पुढे बंधूंनी, रोजकीर्दीत तारीखवार जमा केलेला होता. आम्ही त्यावरून रीतसर तेरीज मांडली. घराचा मोठा भाग आमच्या पैशाने उभा राहिला, हे तीत स्पष्ट दिसत होते, आणि खरे बोलावयाचे तर आम्हांस त्याचा अभिमानही वाटला. कुटुंबाने तो कागद दिव्याजवळ नेऊन वाचला आणि विचारले, "यात भाऊजींच्या चार वर्षांच्या रात्री कोणत्या बाजूस लिहिल्या आहेत?"

सव्वीस वर्षांत आमच्या हिशेबात कोणत्याही तपासनिसाने एवढी मोठी चूक काढली नव्हती. त्या रात्री आम्ही पुष्कळ वाद घातला. पैसा धाडण्यासाठी आम्हीही घर सोडलेच होते, आम्हीही एकटेपणा सोसला होता, असे म्हणून पाहिले. ते खोटे नव्हते. परंतु आमच्या एकटेपणाचे वेतन आम्हांस दर महिन्यास मिळत होते. बंधूंना कोणीच दिले नव्हते.

२००६ साली दुय्यम निबंधकांच्या कचेरीत घराचे हक्कसोडपत्र बंधूंच्या नावे नोंदविले. त्यांनी कुरकुर केली, सही करावयास दोनदा टाळले. पुढे दिवाळीस त्यांनी आम्हांस एक सदरा शिवून धाडला. तो खांद्यांस ठीक बसला, पोटावर मात्र आवळला. त्यांच्या वहीत आमचे माप १९७८ सालचे होते.