वजू आणि पाण्याचें माप

भुसावळजवळ दीपनगर नांवाची एक वसाहत आहे. कोळशाच्या आंचेवर पाण्याची वाफ करून वीज उत्पन्न करणाऱ्या केंद्राच्या आश्रयानें ती वसली. खानदेशचा वैशाख तेथें पूर्ण तेजानें तळपतो. अशा दिवशीं कामावरून परतलेला एखादा मुसलमान कामगार दुपारच्या नमाजापूर्वी पाण्याचें भांडें घेऊन बसला, तर पाहणाऱ्यास वाटावें कीं, तो अंगावरील धूळ धूत आहे. हें वाटणें चूक नव्हे. पण तें अपुरें आहे. अंगावर धुळीचा कणही नसला, तरी झोंपेंतून उठलेल्या माणसास नमाजापूर्वी हा विधि करावाच लागतो. यालाच वजू म्हणतात.

कुराणाच्या पांचव्या अध्यायांतील सहाव्या वचनांत वजूचीं मुख्य अंगें सांगितलीं आहेत : चेहरा धुणें, कोपरांपर्यंत हात धुणें, डोक्यावरून ओला हात फिरविणें आणि घोट्यांपर्यंत पाय धुणें. पैगंबरांच्या आचरणावरून त्यांत आणखी कांहीं गोष्टींची भर पडली. प्रथम ईश्वराचें नांव घेऊन मनगटापर्यंत हात धुवावे; मग चूळ भरावी, नाकांत पाणी घेऊन तें झाडावें, नंतर चेहरा, मग आधीं उजवा व मागाहून डावा हात, त्यानंतर डोकें व कान आणि शेवटीं पाय. खानदेशांत बहुसंख्य असलेल्या हनफी पंथीयांच्या मतें वरील चार अंगें अनिवार्य होत. कोंकणांतील शाफई पंथीय त्यांत मनाचा संकल्प आणि क्रियांचा क्रम या दोहोंची भर घालतात. सायंकाळीं हातपाय धुऊन देवापुढें बसणाऱ्या किंवा संध्येपूर्वी आचमन करणाऱ्या घरांतील माणसास या विधीचा अर्थ उलगडून सांगावयास नको. संसाराच्या व्यापांतून मन काढून तें ईश्वरापुढें उभें करण्यापूर्वी मध्यें एक उंबरठा असावा, ही भावना दोन्हीकडे सारखीच आहे.

परंतु वजूचें खरें मर्म पाण्याच्या मापांत आहे. प्रत्येक अवयव फार तर तीन वेळां धुवावा; तिनाहून अधिक वेळां धुणें ही मर्यादा ओलांडणें होय, असें परंपरा सांगते. स्वतः पैगंबर एक ‘मुद्द’ पाण्यांत वजू करीत. मुद्द म्हणजे मध्यम आकाराच्या माणसाच्या भरल्या ओंजळीचें माप. आजच्या हिशेबानें तें एका लिटराहून अधिक भरत नाहीं. त्यांचे एक अनुयायी साद हे वजू करतांना पाणी सांडीत होते. पैगंबरांनीं त्यांना हटकलें. वजूच्या पाण्यांतही उधळेपणा असतो काय, असें सादांनीं विचारलें. वाहत्या नदीच्या कांठीं बसला असलांत तरी असतो, असें त्यांना उत्तर मिळालें, अशी कथा इब्न माजा यांच्या हदीस-संग्रहांत आली आहे. नदी आटेल म्हणून काटकसर करावी, असा या उत्तराचा रोख नाहीं. पाणी विपुल असतांनाही हात आवरावा, हा त्याचा रोख आहे.

मशिदींतील हौद हेंही याच विचाराचें फळ. ‘हौद’ हा आपला मराठी शब्दच मुळीं अरबी ‘हौज’ वरून आला. दहा हात लांब व दहा हात रुंद अशा जलाशयांत थोडी अशुद्धि पडली तरी पाण्याचा रंग, वास व चव बदलत नाहीं तोंवर तें पाणी बाटत नाहीं, असा हनफी शास्त्रकारांचा निर्णय आहे. त्यामुळें अनेक माणसांस एकाच हौदाच्या कांठीं बसून वजू करतां येतो. मुंबईची जामा मशीद तर एका जुन्या तळ्यावरच उभी आहे. तिचें बांधकाम 1802 सालीं पुरें झालें. तळाच्या झऱ्यांनीं भरणाऱ्या त्या पाण्यांतून उठलेल्या सोळा काळ्या दगडी कमानी वरची इमारत तोलून धरतात. खानदेशच्या सुलतानांची राजधानी असलेलें बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशांत आहे. तेथें 1615 च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखाना यांच्या काळीं कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याच्या पायथ्याचें भूजल सुमारें शंभर कुंड्यांमधून जमिनीखालच्या मार्गानें, केवळ उताराच्या बळावर, शहराकडे येई. पाण्याचें मोल त्या लोकांस ठाऊक होतें, याची ही साक्ष.

आणि पाणी मुळींच नसेल तर? एका प्रवासांत पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांचा हार हरवला. तो शोधण्यासाठीं तांडा थांबला, तोही निर्जल प्रदेशांत. पहांट झाली, प्रार्थनेची वेळ आली. त्या प्रसंगीं ‘तयम्मुम’ची अनुज्ञा मिळाली, असें परंपरा मानते. स्वच्छ मातीवर तळवे टेकवून ते चेहऱ्यावरून व हातांवरून फिरवावयाचे, एवढाच तो विधि. धर्मशास्त्रांतील भौम व मानस स्नान ज्यांस ठाऊक आहे, त्यांना यांत नवल वाटणार नाहीं. तांड्याचा उंट उठला तेव्हां हार त्याच्याखालीं सांपडला; अनुज्ञा मात्र कायम राहिली.

शास्त्रकार याहून एक पाऊल पुढें गेले. जवळ पाणी आहे, पण तें वजूस वापरलें तर माणूस किंवा जनावर तहानेनें व्याकूळ होईल, अशा वेळीं पाणी पिण्यासाठीं राखावें व वजूऐवजीं तयम्मुम करावा, असें त्यांनीं सांगितलें. ईश्वरापुढें उभें राहण्याच्या तयारीपेक्षांही तहानलेल्या मुक्या प्राण्याचा हक्क मोठा ठरला.

पूर्वी तोटीच्या लोट्यानें वजू होई. लोट्यांत मावेल तेवढेंच पाणी खर्चीं पडे. आतां बहुतेक ठिकाणीं नळ आले. नळ सोडून ठेवून चेहरा व हातपाय सावकाश धुतले, तर मुद्दभर पाण्याच्या जागीं बादलीभर पाणी सहज वाहून जातें. विधि यथासांग होतो आणि त्यांतलें मर्म निसटतें. ही चूक एकट्या मुसलमानांचीच आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. दात घांसतांना नळ मोकळा सोडणारें घर कोणत्याही धर्माचें असूं शकतें.

दीपनगरला हें निराळें सांगावयास नको. तापीचें खोरें उन्हाळ्यांत कसें करपतें, हें तेथील प्रत्येक घर जाणतें. तेथील कामगाराचा दिवस मापून सोडलेल्या पाण्यावर आणि मापून चढविलेल्या वाफेवर जातो. तोच कामगार नमाजापूर्वी ओंजळ भरून घेतो, तेव्हां तेंच माप त्याच्या हातांत असतें. धूळ पाण्यानें जाते. पाणी कोठें थांबवावें हें मात्र ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें.